‘आई, इकडे बघ ना!’

दोन वर्षांची मुलगी ठोकळ्यांचा मनोरा रचत असते. चौथा ठोकळा नीट बसला की ती मान वर करून आईकडे बघते. आई शेजारीच असते, पण नजर मोबाइलवर. मुलगी तिचा गुडघा हलवते. ‘हं, छान,’ एवढेच उत्तर येते. मग मुलगी मनोरा पाडून टाकते. आता आई बघते, पण रागाने!

मुलांनी मोबाइल किती पाहावा, यावर आपण भरपूर बोलतो. पालकांच्या हातातल्या मोबाइलचे काय? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमधील फास्टफूड रेस्टॉरंटमध्ये लहान मुलांसोबत जेवणाऱ्या ५५ जणांचे निरीक्षण केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४० जणांनी जेवताना मोबाइल वापरल्याचे दिसले. त्यात गढून गेलेले काही जण, मुलाने लक्ष वेधताच त्याच्यावर खेकसले.

याचा परिणाम शिकण्यावरही होतो. २०१७ मधील एका अमेरिकी प्रयोगात ३८ आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मध्येच फोन वाजला, दुसरा विनाव्यत्यय शिकवला गेला. दोन्ही शब्द मुलांच्या कानावर सारखेच पडले होते. तरी मुले शिकली तो विनाव्यत्यय शिकवलेलाच शब्द.

असे का होते? मूल बोट दाखवते, बडबडते. मोठे माणूस त्याच्याकडे बघून उत्तर देते. मूल पुन्हा काही बोलते. या देवाणघेवाणीतूनच भाषा रुजते. फोनमुळे हा धागा तुटतो. शिवाय मोबाइल बघणारा चेहरा निर्विकार होतो. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना थोडा वेळ बाळासमोर निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितले. बाळांनी हसून, हातवारे करून आईला बोलते करण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर ती अस्वस्थ झाली आणि त्यांनी तोंड फिरवले.

मात्र अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पालक आणि बाळाचा सूर एरवीही अनेकदा चुकतो. तो पुन्हा जुळणे महत्त्वाचे, हेही ट्रॉनिक यांनीच दाखवले. कामाचे फोन येणारच. मग काय करता येईल?

• दूध पाजताना, भरवताना, आंघोळ घालताना आणि झोपवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.
• अनावश्यक नोटिफिकेशन बंद करा.
• फोन घ्यावाच लागला तर मुलाला सांगा, ‘आजीशी बोलते, मग आपण खेळू.’ आणि खरेच परत या.

एक सावधगिरी हवी. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर सगळा दोष मोबाइलला देऊन थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मुलाला नीट ऐकू येते का हे तपासून घ्या.

मुलाला दिवसभर आपले लक्ष नको असते. चौथा ठोकळा बसतो, तेव्हा मात्र हवे असते.