मुलाला खूण कधीं कळते?

संध्याकाळीं अंधेरीच्या फलाटावर आई उभी असते. कडेवर दोन वर्षांचें मूल. गाडीच्या कपाळावर ‘बो’ हें अक्षर दिसतांच आई बोरिवलीची गाडी ओळखते. मुलाला तेथें उजेडाची एक आकृति तेवढी दिसते. एक वस्तु दुसरीच्या जागीं उभी राहूं शकते, हें मूल शिकतें तरी केव्हां?

नऊ महिन्यांचें मूल चित्रांतला चेंडू बोटांनीं उचलूं पाहतें. दीड वर्षाच्या सुमारास तें चित्राकडे बोट दाखवूं लागतें. चित्र म्हणजे वस्तु नव्हे, एवढें त्यास उमगलेलें असतें. पुढील पायरी अधिक कठीण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका खोलीची लहान प्रतिकृति होती. मुलांच्या देखत तींत इवलासा कुत्रा लपविला जाई. मोठा कुत्रा खऱ्या खोलींत त्याच जागीं असल्याचें सांगण्यांत येई. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनीं तो शोधला. अडीच वर्षांचीं बहुतेक मुलें चुकलीं. छोटा कुत्रा कोठें होता, हें मात्र त्यांस नीट आठवत होतें. म्हणजे उणीव स्मरणाची नव्हती. प्रतिकृति हें खेळणेंही आहे आणि खोलीची खूणही, ही दुहेरी जाणीव आली नव्हती. पुढील प्रयोगांत प्रतिकृति आधीं खेळावयास दिली, तेव्हां मोठीं मुलेंही अधिक चुकलीं. काचेमागें ठेवली, तेव्हां लहानांचें यश वाढलें. वस्तु जितकी मोहक, तितकी तिच्यांतली खूण दिसणें अवघड.

मुलुंड-घाटकोपरच्या घरांत बाळापुढें रंगीत अक्षरांचे ठोकळे मांडणाऱ्या आईबापांनीं हें ध्यानांत घ्यावें. मूल त्यांचा मनोरा रचील, तर त्यांत गैर कांहींच नाहीं. पण अक्षर ओळखलें नाहीं म्हणून त्यास मंद ठरविणें हा अन्याय होय. खुणेची पहिली शाळा भातुकलींत भरते. तेथें पान पोळी होतें आणि खडा साखर होतो. विरारच्याही पलीकडे, बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां महागड्या उपकरणांऐवजीं खडे, शिंपले, बिया हींच साधनें त्यांनीं घेतलीं. असा साधा खडा मुलाच्या हातीं हवें तें रूप घेतो.

फलाटावरील आईनें म्हणून घाई करूं नये. गाडी येतांच ‘बो, बोरिवली, आपलें घर’ एवढें रोज बोलावें. उजेडाच्या त्या आकृतींत एके दिवशीं मुलालाही घर दिसेल.