घरच्या व शाळेच्या अंगणातील अ‍ॅस्टर

दसरा जवळ आला की बाजारात झेंडू व शेवंती यांच्या शेजारी जांभळ्या, गुलाबी व पांढऱ्या अ‍ॅस्टरच्या राशी दिसू लागतात. ही फुले खेड्यातील घरोघरी माहीत आहेत. पण रोप स्वतः वाढविणारी घरे थोडी. वास्तविक हे काम चौथीतील मुलालाही जमण्यासारखे आहे. शाळेत रोपे तयार करावी व प्रत्येक मुलाने चार-पाच घरी नेऊन लावावी, ही पद्धत उत्तम होय.

आपल्याकडे ज्यास अ‍ॅस्टर म्हणतात ते मूळचे चीन देशातील. अठराव्या शतकात त्याचे बी पॅरिसला पोहोचले व तेथील बागवानांनी त्याचे अनेक प्रकार निर्माण केले. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव कॅलिस्टेफस चायनेन्सिस. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘सुंदर मुकुट’. आणि ‘अ‍ॅस्टर’ म्हणजे ग्रीक भाषेत तारा. महाराष्ट्रात ‘फुले गणेश’ या नावाने प्रसारित झालेले पांढरे, गुलाबी व जांभळे वाण आणि बंगळूरच्या संस्थेचे ‘कामिनी’, ‘पूर्णिमा’, ‘शशांक’ हे वाण प्रचलित आहेत.

बी पेरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. अ‍ॅस्टरचे बी फार दिवस टिकत नाही. वर्ष उलटले की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. दुकानातील पुडी किती जुनी आहे हे पुष्कळदा कळत नाही. म्हणून ओल्या फडक्यात वीस बिया गुंडाळून सावलीत ठेवाव्या व आठ-दहा दिवसांनी किती मोडावल्या ते मुलांकडून मोजून घ्यावे. शेकडा प्रमाणाचा पाठ त्यातच साधतो, आणि मुलांनी आठवडेच्या आठवडे रिकाम्या वाफ्याला पाणी घालण्याची पाळी टळते.

जूनअखेर सुमारे 15 सें.मी. उंचीचा गादीवाफा करावा. बी अगदी बारीक असल्याने ते ओळीत पातळ पेरून चाळलेल्या शेणखताने जेमतेम झाकावे. खोल गेलेले बी वर येत नाही. पाणी झारीनेच द्यावे. पावसाळ्यात वाफ्यावर पाणी साचले तर कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. दाट पेरणीनेही तेच होते. चार-पाच आठवड्यांनी रोपांस चार-पाच पाने आली की संध्याकाळच्या वेळी, मुळांची माती न झाडता, 30 सें.मी. अंतरावर लावावी. जागा उन्हाची हवी. भिंतीच्या सावलीत रोपे लांबुडकी होतात व फुले थोडी लागतात. लागणीनंतर महिनाभराने शेंडा खुडल्यास फांद्या अधिक फुटतात. फुले मात्र थोडी उशिरा येतात. पेरणीपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांत बहर येतो, म्हणजे दसरा-दिवाळी साधते. ऑक्टोबरनंतरही पेरता येते. परंतु दिवस लहान असल्याने झाडे बुटकी राहतात.

शाळांच्या बागांचा घात मात्र निराळ्याच कारणाने होतो. पहिल्या वर्षी वाफा बहरतो, दुसऱ्या वर्षी काही रोपे माना टाकतात, तिसऱ्या वर्षी कळ्या धरण्याच्या सुमारास निम्मी झाडे सुकतात. पाणी कमी पडले असे समजून मुलांना बोल लावला जातो, पाणी वाढविले जाते, आणि झाडे तरीही मरतात. दोष मुलांचा नसतो. हा मररोग आहे. मातीतील एक बुरशी मुळांतून शिरून खोडातील पाण्याचा मार्ग बंद करते. पुष्कळदा झाडाची एकच बाजू आधी पिवळी पडते व खोडावर काळसर पट्टा दिसतो. शिक्षकाने मेलेले एक झाड उपटून खोड उभे चिरावे व आतील तपकिरी रेषा मुलांस दाखवावी. अशी झाडे जाळावी, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. ही बुरशी मातीत कित्येक वर्षे टिकते, म्हणून त्या जागी पुन्हा अ‍ॅस्टर लावू नये.  ही बुरशी मुख्यतः अ‍ॅस्टरची वैरीण आहे. कुंपण एकाच वाफ्याला आहे म्हणून तेथेच दरवर्षी लागवड करणे, ही काटकसर महाग पडते. दुसरी जागा नसेल तर कुंड्यांत अन्य ठिकाणची माती घालावी. रोगट वाफ्यातील खुरपे धुतल्यावाचून तेथे वापरू नये.

मावा दिसल्यास पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

फूल हाती आले की ते मुलांकडून उकलून घ्यावे. आपण ज्यास एक फूल म्हणतो ते शेकडो पुष्पकांचे स्तबक असते. कडेची रंगीत पाकळी म्हणजे एक किरणपुष्पक, मधला पिवळा प्रत्येक ठिपका म्हणजे एक बिंबपुष्पक. सूर्यफूल, झेंडू व शेवंती हीच कुळे सांगतात. ‘फुलांना हात लावू नये’ ही पाटी अशा वेळी काढून ठेवलेली बरी.

बियांसाठी प्रत्येक रंगाची दोन-तीन निरोगी झाडे न तोडता राखावी. अ‍ॅस्टरमध्ये बहुतांशी स्वपरागण होत असल्याने रंग बराचसा कायम राहतो. फुले वाळेपर्यंत दिवाळीची सुटी लागलेली असते. तेव्हा पाणी घालण्याच्या पाळ्या शाळेजवळ राहणाऱ्या मुलांत सुटीपूर्वीच वाटून द्याव्या. तपकिरी झालेली बोंडे कोरड्या दिवशी खुडून, सावलीत वाळवून, कागदी पुडीवर रंग व वर्ष लिहून डब्यात ठेवावी आणि पुढील जूनमध्येच पेरावी.