फाल्गुनात फुलं शोधायची कुठे?

मरोळ-मरोशी रस्त्याने आरेकडे वळलं की होळीच्या सुमारास एक तक्रार हमखास ऐकू येते. वसंत आला म्हणतात, पण फुलं कुठायत? सगळं तर वाळलंय! तक्रार करणाऱ्याची नजर बहुधा जमिनीवर खिळलेली असते. वसंत म्हणजे पायवाटेच्या कडेला गवतात उमललेली नाजूक फुलं, हे चित्र बर्फाळ मुलखातलं आहे. हिमालयात बर्फ वितळलं की मातीला पाणी आणि ऊन दोन्ही एकदम मिळतं, म्हणून तिथे फुलं पायाशी येतात. आपल्याकडे पाणी येतं ते जूनमध्ये. त्यामुळे तेरडा, सोनकी, कवला, कळलावी ही मंडळी पावसात आणि पाऊस ओसरता ओसरता फुलून घेतात. फाल्गुनात ती बी किंवा कंद होऊन मातीत पडून असतात. कासच्या पठारावर मार्चमध्ये जाणाऱ्याला उघडा कातळ दिसतो तो यामुळेच.

फाल्गुनात फुलतात ती झाडं. त्यांची मुळं खोल असतात. पानं गळालेली असल्यामुळे फुलं लांबून दिसतात आणि पाहुणे आपोआप येतात. शिवाय पुढचं वेळापत्रकही जमतं: काटेसावरीचा कापूस वैशाखाच्या वाऱ्यावर उडतो आणि त्यातलं बी पावसाच्या तोंडावर मातीत पोचतं. पळसाच्या फुलांना वास नाही म्हणून त्यांना कमी लेखणाऱ्यांनी सकाळी त्या झाडाखाली थोडं थांबावं. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे पक्षी. मैना, बुलबुल, शिंजीर, हिवाळ्यात परदेशातून आलेल्या भोरड्या, या सगळ्यांना रंग आणि मध पुरतो. वासाचा त्यांना फारसा उपयोग नसतो.

आता ओळखण्याची गोष्ट. लाल-केशरी फुललेलं निष्पर्ण झाड दिसलं की पळस, असं अनेकजण ठोकून देतात. आणि पाहुण्यांना ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हणही ऐकवतात. म्हण खरी आहे, पण खूण म्हणून अपुरी, कारण पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात. आणि बहरात दोघांच्याही अंगावर पान नसतं. म्हणून आधी खोड बघा. पळसाचं खोड वेडंवाकडं, बिनकाट्याचं. पांगाऱ्याच्या खोडाफांद्यांवर बारीक काळे काटे. काटेसावरीच्या, निदान तरुण झाडाच्या, खोडावर जाड शंकूसारखे काटे. मग खाली पडलेलं फूल हातात घ्या. काटेसावरीचं फूल अख्खं गळतं: पाच मांसल पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका. पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, आणि त्याचा देठाकडचा पेला काळपट, मखमली. एवढ्या तीन-चार खुणांवर निम्मे वाद मिटतात. निष्पर्ण झाडावर मोठी झळझळीत पिवळी फुलं दिसली तर मात्र तो बहावा नव्हे. बहाव्याचे घोस एप्रिल-मेमध्ये लोंबतात. फेब्रुवारी-मार्चमधली ती सोनसावर.

रानात फुललेलं ते सगळं रानफूल, हाही समज सोडायला हवा. घाणेरी मूळची अमेरिकेतली. शोभेसाठी आणली आणि ती रानात घुसली. तिच्यावर फुलपाखरं बसतात म्हणून तिची बाजू घेणारे भेटतात, पण तिच्या जाळीखाली स्थानिक रोपांना उजेडच मिळत नाही. गुलमोहर तर मादागास्करचा.

उलट, आमरीवर होणारा अन्याय मला जास्त खटकतो. झाडावर वाढते म्हणून तिला बांडगूळ ठरवून ओरबाडून काढणारेही आहेत. आमरी झाडाचा फक्त आधार घेते. अन्नपाणी स्वतःचं स्वतः मिळवते. खरं बांडगूळ यजमान झाडाच्या फांदीत मुळं घुसवून रस शोषतं. आणि तरी तेही निरुपयोगी नाहीच: त्याच्या नळीदार फुलांवर शिंजीर येतात, फळांवर फुलटोचे.

मोबाइलचं ॲप नाव सांगतं, पण आपण त्याला फक्त पाकळ्यांचा फोटो देतो आणि चूक त्याच्या माथी मारतो. पान, खोड आणि पूर्ण झाड, असे तीन फोटो आणखी द्या. नाव मिळाल्यावर श्रीकांत इंगळहळीकरांच्या सह्याद्रीतल्या फुलांवरच्या पुस्तकांशी ताडून बघा. फूल तोडून घरी आणायची मात्र गरज नाही. राष्ट्रीय उद्यानात तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो, मग फूल एकच का असेना.

राहिली कारवी. ‘सात वर्षांनी फुलते’ हे वाक्य ऐकून लोक कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही ऋतूत तिची चौकशी करतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008 मध्ये फुलली, मग 2016 मध्ये, मग 2024 मध्ये. म्हणजे सात वर्षं नुसती वाढ आणि आठव्या वर्षी बहर, तोही ऑगस्ट-सप्टेंबरात. नंतर झुडूप मरतं. सगळ्या सह्याद्रीत बहराचं साल एक नसतं, आणि केरळात बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी ही तिची बहीण, ती स्वतः नव्हे. आपल्या उद्यानातला पुढचा बहर 2032 च्या पावसाळ्यात अपेक्षित आहे. तोवर दर फाल्गुनात कौशी आहेच: उघड्या फांद्यांवर नारिंगी-लाल नळ्यांचे झुपके, आणि बहुतेक लोक तिलाही खुशाल पळस म्हणून पुढे जातात.