मंडळीला नवी उभारी: नंदुरबार जिल्हा

नंदुरबार जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती मंडळ्या नवापूर तालुक्यातील आदिवासी गावांत आहेत. विसाव्या शतकात परदेशी मिशनांनी येथे काम केले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्याच परंपरेतले. या मंडळ्यांची अडचण अशी: दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि गावातली उपासना काही महिने विरळ होते.

अशा मंडळीला उभारी देण्याचे मार्ग तीन. सारा भार पाळकावर न टाकता गावातील स्त्री-पुरुषांना उपासना चालवण्यास शिकवणे. मावची, भिली या घरच्या बोलींत भजन व शास्त्रवाचन करणे. आणि तोडणीच्या पडावावरही प्रार्थनासभा चालू ठेवणे. तरुणांवर खरी जबाबदारी सोपवली, तर हे काम पुढच्या पिढीत टिकते.