परमुलखातला माणूस आणि थांबलेले घर

कथेची घडण : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण कथेचा निवेदक किती सांगतो आणि किती हातचे राखतो, याचा विचार केला. आज घरापासून दूर गेलेल्या माणसाच्या कथेकडे वळू. अशा कथा बहुतेक सगळ्या भाषांत आहेत आणि त्यांच्याबद्दल एक समज पक्का होऊन बसला आहे : ही विरहाची कथा, माणूस जितका लांब गेला तितके त्याचे दुःख मोठे. हा समज मला पटत नाही. या प्रकारातल्या ज्या कथा टिकल्या, त्यांच्यात अंतर कोसांवर मोजलेले नाही, काळावर मोजलेले आहे. घर सोडणारा माणूस निघताना पाहिलेले घर मनात जसेच्या तसे धरून ठेवतो. प्रत्यक्षातले घर मात्र त्याच्यावाचून पुढे चालत राहते. या दोन घरांची समोरासमोर गाठ पडते, तिथे अशी कथा घडते. आणि ही गाठ दाखवायला लघुकथेइतका सोयीचा दुसरा वाङ्मयप्रकार नाही, असे माझे म्हणणे आहे.

पहिला पुरावा रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘काबुलीवाला’ या १८९२ सालच्या कथेचा. रहमत हा अफगाण फेरीवाला कोलकात्यात सुकामेवा विकतो आणि एका लेखकाच्या पाच वर्षांच्या मिनीशी त्याची गट्टी जमते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण कथेतला एक तपशील सहसा नजरेतून निसटतो. रहमत दरवर्षी माघ महिन्यात येणी वसूल करून आपल्या मुलखाला जातो. म्हणजे कोलकाता ते अफगाणिस्तान हे अंतर त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. मग त्याचे बिनसते कुठे? रामपुरी चादरीचे देणे एक गिऱ्हाईक नाकबूल करते, बाचाबाची होते, रहमत सुरा चालवतो आणि त्याला काही वर्षांची कैद होते. तुरुंगात गेला तेव्हा तो घरापासून पूर्वीपेक्षा एक कोसही लांब गेला नव्हता. खंड पडला तो वर्षाच्या फेरीत. आणि त्याच्या आयुष्याची खरी हानी या खंडाने केली, प्रवासाने नव्हे.

सुटल्यावर तो मिनीला भेटायला येतो, तो नेमका तिच्या लग्नाचा दिवस. कुण्या देशबांधवाकडून मागून आणलेली थोडी द्राक्षे, बेदाणे आणि बदाम त्याच्याजवळ आहेत. मिनी पूर्वीसारखीच हाका मारत धावत येईल, अशी त्याची खात्री आहे. आज कुणाची भेट होणार नाही, असे सांगितल्यावर तो अंगरख्याच्या आतून एक मळका, घड्या घातलेला कागद काढतो आणि दोन्ही हातांनी टेबलावर उलगडून ठेवतो. त्यावर फोटो नाही, चित्र नाही. काजळी लावून उमटवलेला एका लहान हाताचा ठसा आहे. मुलखात राहिलेल्या आपल्या मुलीची ही खूण छातीशी धरून तो कोलकात्याच्या रस्त्यांवर माल विकत हिंडत होता. हात वाढतो, ठसा वाढत नाही. मनातल्या घराचा आणि खऱ्या घराचा सगळा फरक त्या कागदात आहे. नववधूच्या वेषातली मिनी समोर येते तेव्हा रहमत गांगरतो. ती आत गेल्यावर तो जमिनीवरच बसतो. आपली मुलगीही आता एवढीच झाली असणार आणि तिच्याशी नव्याने ओळख करावी लागणार, हे त्याला तेव्हा उमगते.

इथे लघुकथेच्या घडणीचा प्रश्न येतो. रहमतची कैदेतली वर्षे ठाकुरांनी मोजक्या वाक्यांत ओलांडली आहेत. मिनी मोठी झाली, तिला नव्या मैत्रिणी मिळाल्या, घरातले सगळे रहमतला विसरले. तुरुंगातल्या माणसाचे काय चालले असेल, हा विचार या घरात कुणाच्या मनात आला नाही, कारण तिथले दिवस सुरळीत चालले होते. ही वर्षे रहमतने एकेक दिवस मोजून काढली असतील. मिनीच्या घरात ती कधी सरली ते कळलेही नाही. कथेतली ही उडी केवळ जागा वाचवण्यासाठी नाही. वाचकही तेवढ्या ओळींपुरता रहमतला विसरतो आणि तो दारात उभा राहिल्यावर चपापतो. कादंबरीलाही काळ ओलांडता येतो, पण तिचा ओढा मधली वर्षे भरून काढण्याकडे असतो. लघुकथा ती वर्षे रिकामी ठेवू शकते आणि त्या रिकामेपणालाच बोलायला लावते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ‘काबुलीवाला’ भावविवश आहे, दोन बापांच्या मायेत सगळे भेद विरघळवून टाकते, आणि मिनीचा लेखक बाप घरी परतण्यासाठी रहमतच्या हाती नोट ठेवून मोकळा होतो, असे म्हणता येईल. लग्नातले विजेचे दिवे आणि बँड यांना काट मारून त्याने हे पैसे दिले, हे तर कथेतच आहे. त्या औदार्यात लेखकाचे स्वतःचे समाधानही आहे, हे मी मान्य करतो. पण कथा कुठे थांबते ते पाहावे. रहमत घरी पोचला का, मुलीने त्याला ओळखले का, यातले काही ती सांगत नाही. पैशाने रस्ता विकत घेता येतो, गेलेली वर्षे नाही, हे ठाकुरांना पक्के ठाऊक आहे. गोड भेटीचा प्रसंग रंगवणे सोपे होते. त्यांनी तो टाळला.

अंतर काळाचे असेल, तर घर न सोडताही माणूस परका होऊ शकला पाहिजे. झुंपा लाहिरींच्या ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ या कथेत नेमके हेच दिसते. ज्या संग्रहात ती आहे, त्याला २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. कोलकात्याचा एक तरुण लंडनमार्गे १९६९ मध्ये बोस्टनला येतो आणि मिसेस क्रॉफ्ट या एकशे तीन वर्षांच्या बाईंच्या घरात खोली घेतो. चंद्रावर अमेरिकेचा झेंडा लागला याचे नवल त्या बाईंना रोज वाटते, आणि त्याबद्दलचे कौतुक भाडेकरूने रोज त्याच एका ठरावीक शब्दात मोठ्याने बोलून दाखवावे, असा त्यांचा हुकूम असतो. त्यांची मुलगी अडुसष्ट वर्षांची. पण लग्नाचे नाते नसताना ती एका पुरुषाशी खोलीत एकटी बोलते, हे त्यांना खपत नाही. बाई आपल्याच देशात, आपल्याच घरात आहेत. दूर गेला आहे तो त्यांचा काळ. दोन खंड ओलांडून आलेला तरुण आणि उंबरठाही न ओलांडणारी म्हातारी एकमेकांना समजू शकतात ते यामुळेच. दोघांचीही घरे मागे राहिली आहेत.

सगळ्यात मोठा आक्षेप मराठीतूनच येतो. सगळ्यांनाच घराची ओढ असते, हे गृहीतच चुकीचे नाही का? बाबुराव बागुलांच्या १९६३ मधल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाच्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो तो मोठ्या उमेदीने. खोली मिळावी म्हणून त्याला जात लपवावी लागते. ती उघड होते तेव्हा त्याला मारहाण होते आणि आपली जात न लपवणारा काशिनाथ त्याला सोडवतो. इथे हुरहूर कसली? मागे टाकावे असेच सारे मागे आहे. हा आक्षेप माझ्या मांडणीत दुरुस्ती करायला लावतो, ती मोडीत काढत नाही. रहमतला वाटते की घर थांबले आहे आणि ते पुढे निघून गेलेले असते. बागुलांच्या नायकाला वाटते की जुना काळ मागे राहिला आणि तो त्याच्याआधीच नव्या गावात मुक्कामाला आलेला असतो. गाडी माणसाला दुसऱ्या प्रांतात नेते, दुसऱ्या काळात नेईलच असे नाही. तेव्हा दूर गेलेल्या माणसाच्या कथेला गोड घराची गरज नाही; त्याचा काळाचा हिशेब कुठे चुकला, हे तिला सापडले पाहिजे.

आजचा वाचक विचारेल, व्हिडिओ कॉलवर रोज घर दिसत असताना हे सगळे जुने झाले नाही का? आखातात काम करणाऱ्या बापाला मुलीचा पडलेला दात त्याच संध्याकाळी दिसतो. त्याला काजळीच्या ठशाची काय गरज? फोनमुळे बातमी न कळण्याचे दुःख संपले, हे खरे. पण घरातली वर्षे बातमीने बनत नाहीत, रोजच्या सहभागाने बनतात. आजारपणातली जागरणे, शाळेतले खटके, भांडण आणि समेट यांत जो नव्हता, त्याला घर दिसत राहते, पण त्यात त्याची जागा हळूहळू आक्रसते. सगळे माहीत असूनही आपण पाहुणे झालो आहोत, हे कळणे रहमतच्या धक्क्यापेक्षा वेगळे आहे. हलके मात्र मुळीच नाही. आजच्या कथाकाराने पत्र न पोचल्याची जुनी युक्ती सोडून इथे शोध घ्यावा.

या मांडणीचा उपयोग वाचनापुरताच नाही. मिनीच्या आईला रहमतचा संशय येतो, कारण तिला ढगळ कपड्यांतला एक परका माणूस दिसतो. त्याच्या छातीजवळचा कागद तिला दिसलेला नसतो. आपल्या शहरांत इमारतींच्या बांधकामावर, हॉटेलांच्या भटारखान्यात, सोसायट्यांच्या फाटकावर काम करणाऱ्या माणसांना आपण ‘बाहेरचे’ म्हणतो तेव्हा फक्त त्यांचा प्रांत मोजतो. त्यांची दुसरीकडे चालू असलेली आणि त्यांच्या हातून निसटणारी वर्षे आपल्या हिशेबात येत नाहीत. चांगली कथा ती वर्षे आपल्या पदरात टाकते आणि त्यानंतर त्या माणसाला नुसता परका म्हणणे आपल्याला जड जाते. साहित्याने माणूस सुधारतो असा मोठा दावा मी करणार नाही. पण दारात उभ्या असलेल्या माणसाचेही कुठेतरी दार आहे, एवढे भान द्यायला ही कथा समर्थ आहे आणि आज त्या भानाची आपल्याला निकड आहे. पुढच्या लेखात कथेतल्या संवादाचा विचार करू.