पेटीची किल्ली कोणाकडे?

शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा भारतात बहुधा उशिरा सुरू होते. दहावी-बारावीचे निकाल लागतात, एखाद्या वसतिगृहातून वाईट बातमी येते आणि मग चार दिवस समुपदेशनाचे महत्त्व सर्वांना पटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. हा आकडा भयावह आहे, पण तो प्रश्नाचे शेवटचे टोक दाखवतो. सुरुवात त्याच्या कितीतरी आधी आणि पुष्कळ शांतपणे झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी जवळजवळ निम्म्यांची मुळे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत रुजलेली असतात, आणि 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 या वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये असा विकार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात हा हिशेब सरासरी चार मुलांवर येतो. ही चार मुले बहुतेक वेळा गोंधळ घालत नाहीत, नापासही होत नाहीत; ती हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतात आणि गप्प बसतात.

या चौघांवर उपचार करणे आणि उरलेल्या छप्पन्नांपैकी कोणी त्यांच्या वाटेला जाऊ नये म्हणून आधीच काही करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला प्रतिबंध म्हणतात आणि त्याचेही थर असतात. सगळ्या शाळेसाठी, कोणाला काही त्रास आहे की नाही हे न पाहता केले जाते ते सार्वत्रिक काम; घरात व्यसन, मृत्यू, स्थलांतर किंवा हिंसा यांमुळे ज्यांच्यावर अधिक ताण आहे अशांसाठी केले जाते ते निवडक; आणि ज्यांच्यात त्रासाची चिन्हे दिसू लागली आहेत त्यांच्यासाठीचे ते लक्ष्यित. मानसोपचाराची चौकट याच्या नेमक्या उलट्या दिशेने उभी राहिली. मुंबईत 1937 मध्ये, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले, तेव्हाही मुलाला केंद्रापर्यंत आणावे लागे. आणणारा पालक जाणता हवा, त्याला रजा मिळायला हवी आणि ‘लोक काय म्हणतील’ या भिंतीवरून त्याने उडी मारलेली हवी. शाळेत मात्र मूल रोज आपल्या पायाने येते, आणि शाळेत सेवा नेण्यामागचे सगळ्यात साधे कारण हेच आहे.

परंतु शाळेत नेमके काय न्यायचे आणि ते कोणाच्या हाती सोपवायचे, या प्रश्नाचे भारतातील सर्वांत भक्कम उत्तर बिहारच्या नालंदा जिल्ह्यातून आले आहे. प्राचीन विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा, आणि त्यातल्या शाळा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, साध्यासुध्या. या प्रयोगाची मुळे गोव्यात आहेत. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली आणि मनोविकारतज्ज्ञाची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून समुपदेशनाचे काम करून घेता येते का, याचा शोध तिथे घेतला गेला. गोव्यातील काही शाळांत केलेल्या आरंभीच्या कामावरून पुढे ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम आकाराला आला. हे नाव इंग्रजी अक्षरांतून जुळवलेले असले तरी उत्तरेकडच्या कानाला त्यात ‘सहर’, म्हणजे पहाट, ऐकू येते.

नालंदातील 74 माध्यमिक शाळांची, कोणती शाळा कुठे जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे निव्वळ योगायोगावर सोडून, तीन गटांत वाटणी झाली. संशोधनाच्या भाषेत याला यादृच्छिक वाटणी म्हणतात. चांगल्या शाळा एकीकडे आणि रडतखडत चालणाऱ्या दुसरीकडे असा पक्षपात होऊ नये, हा तिचा हेतू. एका गटात ‘सेहेर’चे काम बाहेरून नेमलेल्या, फक्त तेवढेच काम असलेल्या समुपदेशकाने केले आणि त्याला ‘सेहेर मित्र’ म्हटले गेले; दुसऱ्या गटात तेच काम, तेच साहित्य शाळेतील एका शिक्षकाकडे दिले; तिसऱ्या गटात सरकारी जीवनकौशल्य शिक्षणाचा चालू कार्यक्रम तेवढा राहिला, जो पहिल्या दोन गटांतही होताच. नववीच्या विद्यार्थ्यांची पाहणी आधी आणि नंतर झाली. सुरुवातीला 13,035 मुलांची आणि आठ महिन्यांनी 14,414 मुलांची.

प्रत्यक्षात शाळेत घडत काय होते, हे जवळून पाहिले तर त्यात ‘उपचार’ म्हणावे असे फारच थोडे दिसते. सकाळच्या परिपाठात महिन्याच्या विषयावर थोडे बोलणे, मुलांनीच लिहून-चितारून लावलेले भित्तिपत्र, स्पर्धा, शाळेतील वेगवेगळ्या घटकांना एकत्र बसवणारी आरोग्य समिती. दांडगाई, व्यसन आणि शिस्त यांबाबत शाळेने स्वतःसाठी ठरवलेले नियम. विद्यार्थ्यांच्या लहान गटांच्या बैठका. आणि ज्याला गरज वाटेल त्याच्यासाठी एकट्याने येऊन बोलण्याची सोय. यांतली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे व्हरांड्यात टांगलेली, मुलांनी मनातले लिहून टाकायची पेटी. नाव न घालता टाकलेल्या चिठ्ठीतील प्रश्नाला परिपाठात सर्वांसमोर उत्तर देता येते, नाव घातलेल्या मुलाला बाजूला बोलावून बसता येते. अशा पेटीत कोणी ‘अभ्यास लक्षात राहत नाही’ लिहील, कोणी ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही’ लिहील, तर कोणी ‘मागच्या बाकावरची मुले रोज डबा हिसकावतात’ लिहील. मोठ्यांच्या नजरेने पाहिले तर यांतील एकही गोष्ट मानसिक आजाराची नाही. पण कडी नसलेल्या दरवाजामुळे दिवसभर पाणी न पिणारी मुलगी आणि डबा वाचवण्यासाठी मधली सुटी चुकवणारा मुलगा यांच्या मनावर जे साचत जाते, त्याचेच पुढे नाव बदलते. कडी बसवायला सुतार लागतो, आणि समुपदेशनाच्या पुस्तकांत सुताराचा उल्लेख सहसा नसतो!

आठ महिन्यांनंतरचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जिथे सेहेर मित्र होता त्या शाळांतील वातावरण, म्हणजे शिक्षकांशी नाते, मुलांमधील परस्पर आधार, शाळा आपली वाटणे आणि निर्णयांत आपला शब्द असणे, हे मुलांच्याच मताने ठळकपणे सुधारले होते. नैराश्याची लक्षणे, दांडगाई आणि हिंसा कमी झाली होती, स्त्री-पुरुष समतेविषयीचा दृष्टिकोनही बदलला होता. सतरा महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा हा परिणाम ओसरण्याऐवजी वाढलेला दिसला. आणि जिथे तेच काम शिक्षकाने केले होते तिथे? तिथे सरकारी कार्यक्रमापलीकडे सांगण्याजोगा कोणताही फरक पडला नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांना कमी लेखणारा नाही, पण धोरणकर्त्यांना अडचणीत टाकणारा जरूर आहे, कारण शाळेत कोणतीही नवी योजना आली की ती ‘एका शिक्षकाला प्रशिक्षण द्या’ या स्वस्त वाटेनेच जाते. अध्यापन, परीक्षा, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे, ऑनलाइन माहिती भरणे अशा ओझ्याखाली असलेल्या शिक्षकाला आणखी एका वहीचा आणि आणखी एका समितीचा सचिव केले की काम कागदावर होते, शाळेत होत नाही. शिवाय, जो सकाळी गृहपाठ न केल्याबद्दल उभे करतो आणि ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्यासमोर दुपारी मन मोकळे करणे कोणत्याही मुलाला अवघडच. समुपदेशकाचे बळ त्याच्या पदवीइतकेच, कदाचित त्याहून अधिक, त्याच्या मोकळ्या वेळात आणि गुणपत्रिकेपासून असलेल्या त्याच्या अंतरात असते, असा या प्रयोगाचा अर्थ लावता येतो.

युरोपातील अनुभव याला दुजोरा देतो. दहा देशांतील 168 शाळांत आणि 11,110 विद्यार्थ्यांत झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवल्याने फरक पडला नाही. मुलांनी स्वतः भूमिका वठवून, बोलून मनाविषयी शिकण्याच्या थोड्या तासांच्या कार्यक्रमाने मात्र वर्षभरानंतरच्या आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पण मुलांना शिकवले की भागते, असेही नाही. ब्रिटनमध्ये 8,000 हून अधिक मुलांना शाळेच्या तासाला सजगतेची, म्हणजे वर्तमान क्षणावर लक्ष टिकवण्याची साधना शिकवली गेली. 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षांत तिचा मुलांच्या मानसिक आरोग्याला नेहमीच्या तासांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. डोळे मिटून बसण्याचा एक तास वेळापत्रकात घातला की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या शाळांनी हे वाचावे.

एकेकट्या मुलाशी बोलण्याच्या कामातही ‘संगाथ’च्या पुढच्या प्रकल्पाने एक उपयुक्त वाट दाखवली. दिल्लीतील सरकारी शाळांत मुले आपल्या त्रासाला नैराश्य किंवा चिंताविकार म्हणत नव्हती. त्यांचा शब्द होता ‘टेन्शन’, जो मराठी घरांतही तितकाच चलनात आहे. मग समुपदेशनही रोगाच्या नावावरून सुरू न करता मुलाने सांगितलेल्या अडचणीवरून सुरू केले गेले. अडचण काय ती नेमकी मांडायची, तिच्यावरचे वेगवेगळे पर्याय सुचतील तसे लिहायचे, त्यांतला एक निवडून करून पाहायचा आणि काय झाले ते पुढच्या भेटीत सांगायचे. याला समस्या-निराकरण पद्धती म्हणतात आणि ती चित्रकथांच्या छोट्या पुस्तिकांसह थोड्या भेटींत पूर्ण होते. 251 मुलांच्या चाचणीत नुसती पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा समुपदेशकासोबत ती वापरणाऱ्यांना स्वतःच्या अडचणींचा जाच सहा आठवड्यांत अधिक कमी झालेला जाणवला. लक्षणांच्या सर्वसाधारण मोजपट्टीवर मात्र फरक दिसला नाही. हा निकाल माफक आहे, आणि तो माफकच सांगितला पाहिजे.

या सगळ्यात कुटुंब कुठे आहे? खरे सांगायचे तर, बहुतेक शालेय कार्यक्रमांची हीच बाजू लंगडी आहे. पालकांना बोलावणे येते ते तक्रार ऐकण्यासाठी किंवा फी भरण्यासाठी, त्यामुळे ‘तुमच्या मुलाविषयी बोलायचे आहे’ एवढ्या वाक्यानेच आईच्या पोटात गोळा येतो आणि घरी मुलाला मार बसण्याची सोय होते. वास्तविक शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. मुलाने सांगितलेले सगळेच घरी पोहोचवायचे नसते, आणि काही गोष्टी लपवायच्याही नसतात, ही सीमारेषा पालकांना आणि मुलांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावी लागते. जिवाला धोका असल्याचे कळले तर घरच्यांना सांगणे आणि लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. एरवी विश्वास पाळायचा. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जाण्याची लाज ही मुलांपेक्षा मोठ्यांचीच असते, त्यामुळे पालकसभेत वर्षातून एकदा तरी गुणांव्यतिरिक्त झोप, भूक, मैत्री आणि मोबाइल यांवर बोलणे झाले तर ती लाज थोडी विरघळू शकते.

कायद्याच्या आणि परिपत्रकांच्या पातळीवर उणीव फारशी उरलेली नाही. 2020 पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात भावनिक व मानसिक आरोग्य हा अकरा विषयांपैकी एक आहे. त्यासाठी प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना दूत म्हणून तयार करायचे ठरले, म्हणजे पुन्हा तीच स्वस्त वाट. महाराष्ट्रात तक्रारपेटी बसवण्याचे आदेश आहेत, 2022 पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधले पाहिजे. ही नेमणूक पगारी, स्वतंत्र आणि रोजची असेल की चित्रकलेच्या शिक्षकांच्या नावापुढे आणखी एक पद लिहून भागवले जाईल, यावर नालंदातला पहिला गट की दुसरा गट हे ठरेल.

तोवर पालकांना तीन प्रश्न विचारता येतील, आणि ते पुढच्याच पालकसभेत विचारावेत: शाळेतल्या तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे, ती शेवटची कधी उघडली, आणि त्यातल्या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले. ज्या घरात थांबायला वेळ नाही तिथे केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.