धुराचा माग

पारनेर तालुक्यातल्या सुपे औद्योगिक वसाहतीतला धूर वाऱ्याबरोबर कुठे जाईल, हे संगणकावरचं गणिती प्रारूप सांगू शकतं. पण ते खरं कशावरून?

त्यासाठी हवेत एरवी जवळजवळ नसलेला, निरुपद्रवी वायू मोजून सोडतात आणि तो कुठे, किती पोहोचला ते तपासतात. ऑक्टोबर १९९४ मध्ये फ्रान्समधून असा ३४० किलो वायू सोडला. १७ देशांतल्या १६८ केंद्रांनी हवेचे नमुने घेतले. निम्मे तरी अंदाज मोजमापाच्या निमपट ते दुप्पट यांत बसले, तर प्रारूप चांगलं मानतात.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ प्रणालीही हवेच्या गुणवत्तेच्या अंदाजाला मोजमापाची जोड देते. डोंगर-पठारांच्या पारनेरात वाऱ्याच्या वाटा वेगळ्या. म्हणून इथला अंदाज इथल्याच हवेवर पारखायला हवा.